सगळ्या लिलींना एकच नियम लावला आणि सगळ्याच रुसल्यात, काय चुकतंय?

कुंडीतलं_जग (पुणे)

नमस्कार मंडळी, दोन वर्षं इथे नुसती वाचतेय, लिहितेय आज पहिल्यांदा. प्रश्न लांबलचक आहे पण एकदाच सगळं ओकून टाकते म्हणजे तुम्हाला परत परत विचारत बसायला नको.

आमची कोथरूडला पूर्वेकडची बाल्कनी आहे, शिवाय सोसायटीच्या गच्चीत कोपरा मिळालाय (खालच्या फ्लॅटला ओल येईपर्यंत कोणी काही बोलत नाही, तोवर मज्जा). माझ्याकडे चार प्रकारच्या लिली आहेत.

पहिली एशियाटिक. दोन वर्षांपूर्वी दिवाळीत ऑनलाइन सहा कंद मागवले, जानेवारीच्या शेवटी अशी फुलली म्हणून सांगू, केशरी आणि गुलाबी, अख्खी बिल्डिंग बघायला आली. त्यानंतर मी पाणी घालत राहिले, खत घालत राहिले, पुढच्या हिवाळ्यात वीतभर काड्या आल्या आणि एकच कळी, तीही वाळून गेली. यंदा तर सहातून दोनच वर आल्यात. दुसरी माहेरची, साताऱ्याहून आणलेली लाल, कर्ण्यासारखं मोठं फूल आणि मध्ये पांढरा पट्टा. आईकडे एप्रिलमध्ये वाफाभर फुलते, माझ्याकडे तीन वर्षं झाली नुसती पानं, पानं मात्र एकदम हिरवीगार तुकतुकीत. तिसरी गच्चीतली स्पायडर लिली. ती रविवारी धडधाकट होती, बुधवारी वर गेले तर फक्त बुडखे! काळ्या अळ्या, अंगावर ठिपके, एका पानावर दहा-बारा. मी किंचाळले, खरं सांगते. चौथी सासूबाईंनी रत्नागिरीहून दिलेली फुटबॉल लिली, गेल्या वर्षी मे महिन्यात लाल चेंडू आला होता, यंदा काहीच नाही, नुसती पानं आली.

करते काय तर सगळ्यांना सारखंच. रोज एक मग पाणी, रविवारी मूठभर शेणखत, आणि नर्सरीवाल्याने सांगितलं होतं तसं सगळे कंद चार बोटं खोल. फुटबॉलवालीची कुंडी मार्चमध्ये बदलली कारण मोकळा वेळ होता. एशियाटिकची कुंडी बाल्कनीत आहे, आमची मनी दिवसभर तिलाच टेकून झोपते, त्यामुळे उंदीर-घुशीचा काही संबंध नाही.

आता ऑगस्ट संपत आलाय. काय करू? टाकून देऊ का सगळ्या?

---

माळावरची_माती (नाशिक)

ताई टाकू नका, एकही मेलेली नाहीये असं वाटतंय, म्हणजे त्या चार एशियाटिक सोडून.

चारही कुंड्यांवर लिली लिहिलंय म्हणून त्या एका घरच्या होत नाहीत. सुरण, बटाटा आणि कांदा तिन्ही मातीखालचेच, म्हणून आपण एकदम कढईत टाकतो का? तुमच्या चारातली खरी लिली, म्हणजे लिलियम, एकच, ती एशियाटिक. बाकीच्या तिन्ही दुसऱ्या कुळातल्या आहेत, पण आपापसात सख्ख्या चुलत म्हणा हवं तर. साताऱ्याची ती अमॅरिलिस म्हणून विकतात ती, तिचं पुस्तकातलं नाव हिप्पीॲस्ट्रम, मूळची दक्षिण अमेरिकेची. स्पायडर लिलीपण तिकडचीच. फुटबॉल आफ्रिकेची. आणि तुमची एशियाटिक थंडीतली, बाजारातले कंद बहुतेक हॉलंडवरून येतात.

माझं स्पष्ट मत आहे, लिलीच्या बाबतीत खत-पाणी-औषध सगळं नंतर, आधी कुंडी उकरून कंद बघायचा. लिलियमच्या कंदाला कांद्यासारखं वरचं कोरडं सालपट नसतं, लसणाच्या पाकळ्या जरा सैल लावल्यासारखे खवले असतात, उघडेच. त्यामुळे तो सुकवून ठेवता येत नाही आणि ओला ठेवला की लगेच कुजतो. अमॅरिलिसचा कंद अगदी आपल्या लाल कांद्यासारखा, तपकिरी सालपट आणि वर मान. हे दोन एकदा हातात धरून बघितले की परत गोंधळ होत नाही.

आता खोलीचं. चार बोटं खोल हे लिलियमला बरोबर आहे, उलट अजून थोडं खोल चालेल, सहा इंचसुद्धा, कारण तिला कंदाच्या खालून तर मुळं फुटतातच पण कंदाच्या वर जो दांडा मातीत असतो त्यालाही फुटतात आणि फुलांच्या वेळी तीच तिला पोसतात. पण अमॅरिलिस चार बोटं खोल पुरली की झालं कल्याण, ती कंद वाढवत बसते, पिल्लं काढत बसते, फूल विसरते. तिची मान आणि वरचा तिसरा हिस्सा मातीच्या बाहेर पाहिजे. कुंडी पण घट्ट, कंदाच्या चारी बाजूंनी दोन बोटं जागा राहील एवढीच.

आणि दर रविवारी शेणखत बंद करा हो! पानं तुकतुकीत आहेत म्हणताय ना, तेच ते, नत्र जास्त झालंय. ऊन किती आहे तिला? पाच-सहा तास नसेल तर गच्चीत हलवा. आत्ता सप्टेंबर-ऑक्टोबर नीट वाढू द्या, महिन्यातून एकदा थोडं बोनमील किंवा पोटॅश, आणि डिसेंबर उजाडला की पाणी हळूहळू तोडा. सहा-आठ आठवडे कोरडं. पानं पिवळी पडली तर पडू द्या, हिरवी मात्र कापायची नाहीत. फेब्रुवारीत परत पाणी सुरू केलं की मार्च-एप्रिलमध्ये पानांच्या बाजूने जाड चपटं टोक वर येईल, पानासारखं नाही, बदकाच्या चोचीसारखं. ते दिसलं की मला पेढे पाठवा.

तुमच्या आईकडे वाफ्यात आपोआप येते त्याचं कारणही हेच, सातारा भागात हिवाळ्यात अंगणातल्या लिलीला कोण पाणी घालतंय? दुर्लक्षावरच फुलते ती.

---

भीमाशंकरचा_भुंगा

अळीबद्दल मी सांगतो, कारण मागच्या पावसाळ्यात माझ्याकडे हाच कार्यक्रम झालाय.

काळी अळी, अंगावर पांढरे आणि लालसर-केशरी ठिपके, बरोबर ना? ही लिली मॉथची अळी. पतंग दिसायला फार सुंदर आहे, पंखांवर लाल-पिवळ्या-काळ्या रंगाची नक्षी, फरशीवर मोझॅक असतं तशी. दिवसा भिंतीवर बसलेला दिसला तर आपण फोटो काढतो आणि तो रात्री आपल्याच पानाखाली अंडी घालून जातो. शास्त्रीय नाव पॉलिटेला ग्लोरिओसी, कळलावीवरून पडलेलं, ग्लोरिओसा म्हणजे कळलावी. पण खाताना ती एवढा भेदभाव करत नाही, स्पायडर लिली, अमॅरिलिस, नागदवणा, रेन लिली, जे मिळेल ते.

रविवारी काहीच नव्हतं असं तुम्हाला वाटलं पण होतं. पानाच्या मागे अंड्यांचा पुंजका असतो, त्यातून निघालेल्या बारक्या अळ्या पान खरवडतात, तेव्हा पानावर ट्रेसिंग पेपरसारखे पारदर्शक चट्टे दिसतात. तीच वेळ असते पकडायची. पान कापायचं, साबणाच्या पाण्यात बुडवायचं, संपला विषय. एकदा का त्या बोटभर झाल्या की दोन रात्रीत कुंडी साफ. पानाच्या बेचक्यात काळी ओली लेंडी दिसली की समजायचं मालक आतच आहेत.

आता मोठ्या झाल्यात तर चिमटा घ्या, रात्री नऊ-दहाला टॉर्च घेऊन वर जा, एक डबा साबणाचं पाणी, आणि वेचा. किळस येते, मलाही येते, बायको म्हणते तुला एवढंच काम राहिलंय. पण तीन रात्री ओळीने केलं की फरक पडतो. त्यानंतर बीटी पावडर मिळते, बॅसिलस थुरिंजिएन्सिस नावाच्या अळ्या मारणाऱ्या जिवाणूची, ती पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणात संध्याकाळी फवारा, उन्हात तिचा जोर जातो, आणि पाऊस पडला तर परत मारावी लागते. कडुनिंबाचं तेल लिटरला पाच मिली, थोडा लिक्विड सोप घालून, ते बारक्या अळ्यांवर ठीक आहे, बोटभर झालेल्यांना त्याचं काही वाटत नाही, न्हाऊन निघतात आणि परत जेवायला बसतात.

एक महत्त्वाचं, वरची दोन इंच माती उकरा. कोष मातीत करते ती. तपकिरी शेंगदाण्यासारखे कोष सापडले तर काढून टाका नाहीतर पुढच्या महिन्यात दुसरी बॅच तयार. आणि बुडखे राहिलेत म्हणून घाबरू नका, मानेतून आत जाऊन कंद पोखरला नसेल तर पंधरा-वीस दिवसांत नवी पानं येतात. माझी आली. दाबून बघा, कांदा कडक लागला तर जिवंत आहे.

---

शेवंती_वसई

स्पायडर लिलीला एवढं जपणं बघून गंमत वाटली 😄 आमच्याकडे ती शेतात लावतात. वसई-पालघर पट्ट्यात आणि पुढे नवसारी-वलसाडकडे लिलीची शेती आहे, पहाटे न उमललेल्या कळ्या खुडून त्यांच्या जुड्या बांधायच्या आणि पहिल्या गाडीने दादरला. हार-वेणीत पांढऱ्या लांबट कळ्या दिसतात ना त्या ह्याच. कळी उमलली की भाव गेला. आणि आमच्या आजेसासूबाई उमललेल्या घरी आणायच्या, म्हणायच्या विकायची ती कळी आणि आपल्याला वास घ्यायचं ते फूल.

पाण्याचं म्हणाल तर तिला कितीही चालतं, पाणथळ जागेतसुद्धा मजेत असते. तुमच्या चारातली रोज मगभर पाणी पचवणारी ही एकटीच. गर्दी मात्र फार करते, दोन-तीन वर्षांनी गड्डा काढून वेगळे करावे लागतात नाहीतर फुलं कमी होतात.

---

वेताळ_टेकडी_वेट

थांबा थांबा. अळ्या राहू द्या बाजूला. मांजर त्या एशियाटिकच्या कुंडीला टेकून झोपते हे कोणी वाचलं नाही का???

मी प्राण्यांच्या दवाखान्यात काम करते म्हणून ओरडून सांगतेय, राग मानू नका. खरी लिली (लिलियम, म्हणजे एशियाटिक, ओरिएंटल, ईस्टर, टायगर सगळ्या) आणि डे लिली, ह्या मांजरांना विष आहेत, साधं उलटी होऊन बरं वाटेल असं विष नाही, किडनी जाते. पान चावलं तरी, फुलदाणीतलं पाणी प्यायलं तरी, आणि सगळ्यात वाईट म्हणजे परागकण अंगावर पडले आणि तिने अंग चाटलं तरी. पहिल्या काही तासांत लाळ, उलट्या, गप्प बसणं, मग मधे थोडं बरं वाटतंय असं वाटतं आणि लोक निवांत होतात, आणि एक ते तीन दिवसांत लघवी बंद. आमच्याकडे आलेली एक केस मी विसरणार नाही, वाढदिवसाच्या बुकेतली लिली होती, घरच्यांना कल्पनाच नव्हती, तिसऱ्या दिवशी आणलं. काही करता आलं नाही.

लगेच आणलं, त्याच दिवशी, तर सलाईनवर बऱ्याच वाचतात. घरी मीठपाणी पाजून उलटी काढायचा प्रयत्न अजिबात नको. थोडा जरी संशय आला तरी लक्षणांची वाट न बघता उचलून आणायचं.

तुमची मनी दोन वर्षं वाचली हे तिचं नशीब. कुंडी आजच गच्चीत न्या. तुमच्या बाकीच्या तीन, अमॅरिलिस, स्पायडर, फुटबॉल, त्यांच्या कांद्यातही विष असतंच, खाल्लं तर उलट्या-जुलाब होतात, पण किडनीची ती गोष्ट लिलियम आणि डे लिलीची. पीस लिलीबद्दल नेहमी विचारतात, ती खरं तर अळूच्या घरातली आहे, चावली तर तोंडाला अळूसारखीच खाज सुटते, त्रास होतो पण जिवावर नाही बेतत.

---

कुंडीतलं_जग (पुणे)

वाचता वाचता हात थरथरले. कुंडी आत्ता, म्हणजे रात्री पावणेअकराला, नवऱ्याला उठवून वर ठेवली. मनी ठीक आहे, जेवली, पाणी प्यायली, माझ्याकडे रागाने बघतेय कारण तिची टेकायची जागा गेली. सकाळी दाखवून आणतेच. मनापासून आभार ताई, खरंच, मला वाटायचं फूलझाडच तर आहे.

बाकीचं उद्या करते. टॉर्च घेऊन वर गेलेच होते तर अळ्या बघितल्या, सत्तावीस निघाल्या. मोजल्यात.

---

रेडिंगची_रानफुलं (इंग्लंड)

इकडून थोडं. मी मूळची सांगलीची, इथे बारा वर्षं झाली. एशियाटिकला काय हवं असतं ते इथे आल्यावर कळलं मला, कारण इथे काहीच करावं लागत नाही. ऑक्टोबरमध्ये जमिनीत पुरायचे, सगळा हिवाळा ते गारठ्यात, गोठलेल्या जमिनीत पडून असतात, मार्च-एप्रिलला जांभळट टोकं वर येतात आणि जून-जुलैला फुलं. दरवर्षी तेच कंद, दरवर्षी एखादं फूल जास्तच. तो गारठाच तिचं घड्याळ आहे. पुण्यात विकत घेतलेल्या कंदाला ती थंडी आधीच कोल्ड स्टोरेजमध्ये देऊन झालेली असते, म्हणून पहिल्या वर्षी तो फुलतो. दुसऱ्या वर्षी त्याला थंडी कोण देणार? कंद बिचारा वाट बघत बसतो आणि काडी काढून गप्प होतो.

इथेही सुख नाही बरं का. तुमच्याकडे काळ्या अळ्या तर आमच्याकडे लाल किडे, लिली बीटल. लाखेच्या बांगडीसारखा लालभडक, बोटाच्या नखापेक्षा लहान. 1939 पासून इथे ठाण मांडून बसलाय म्हणतात. पकडायला हात नेला की पान सोडून खाली पडतो आणि उताणा पडतो, पोट काळं, मातीत दिसतच नाही. म्हणून मी खाली पेपर पसरते आणि मग झाड हलवते. त्याच्या अळ्या स्वतःच्याच शेणाने अंग माखून बसतात म्हणजे पक्ष्यांनी खाऊ नये. पहिल्यांदा मला वाटलं पानावर चिखल उडालाय, हाताने पुसायला गेले, पुढचं विचारू नका.

---

ठाण्याची_ठमी

फ्रिजचा प्रयोग कोणी केलाय का असं कोणी विचारायच्या आत सांगते, मी केलाय, दोनदा.

एशियाटिकला फुलं येऊन गेली की दांडा लगेच कापायचा नाही, फक्त सुकलेली फुलं खुडायची, पानं पिवळी होईपर्यंत पाणी चालू. मुंबई-ठाण्यात एप्रिलपर्यंत ती पिवळी होतातच. मग पावसाच्या आधी कंद काढायचे, हे महत्त्वाचं, कारण जून-जुलैच्या पावसात कुंडीत राहिले की कुजलेच समजा. धुवायचे नाहीत, माती झटकायची, किंचित ओलसर कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात (पिळल्यावर पाणी पडू नये एवढंच ओलं), भोकं पाडलेल्या पिशवीत, सावलीत. आणि सप्टेंबरच्या शेवटाला फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात, सहा ते आठ आठवडे, दोन ते पाच डिग्रीच्या आसपास. फ्रीझरमध्ये नाही! आणि सफरचंद, केळी शेजारी नकोत, पिकणाऱ्या फळांच्या वायूने आतला कोंब खराब होतो. नोव्हेंबरच्या मध्यावर कुंडीत.

पिशवीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. पहिल्या वर्षी मी लिहिलं नव्हतं, सासूबाईंनी लसूण म्हणून एका कंदाच्या सगळ्या पाकळ्या सुट्ट्या केल्या आणि मला म्हणाल्या हा कसला पाणचट लसूण आणलास, वास पण नाही. फोडणीत जायच्या आत मी पोचले.

त्याच सुट्ट्या पाकळ्या मी रागारागाने कोकोपीटमध्ये खोचून ठेवल्या तर दोन महिन्यांत प्रत्येकीच्या बुडाशी मोत्याएवढे कंद धरले होते. नंतर वाचलं की लिलियमची रोपं अशीच करतात. सासूबाईंना क्रेडिट दिलंय.

रिझल्ट विचाराल तर पहिल्या खेपेला आठातले पाच फुलले, तीन-तीन फुलं, नव्या कंदाला सहा-सात असतात. दुसऱ्या खेपेला दोनच. आमच्या हवेत कंद दरवर्षी बारीक होत जातो, तो लठ्ठ व्हायला गार वसंत ऋतू लागतो आणि आपल्याकडे फेब्रुवारीतच पंखे लागतात.

---

माळावरची_माती (नाशिक)

ठमीताईंनी सगळं सांगितलंच आहे, फक्त माझं मत सांगतो, एशियाटिकचा हट्ट सोडा. शेवंती-झेंडूसारखी एका सीझनची म्हणून लावा, नोव्हेंबरात कंद आणा, फेब्रुवारीत फुलं बघा, राम राम. आणताना मोठा कंद घ्या, घेर सेंटीमीटरमध्ये लिहिलेला असतो, 14/16 चा घ्या, 10/12 चा स्वस्त पडतो पण दोन कळ्यांवर भागवतो.

आपल्या देशात खरी लिलियम आहे हो, नाही असं नाही. निलगिरीत पांढरी लांब कर्ण्याची आहे, मणिपूरला उखरूलजवळ शिरुई डोंगरावर फिकट गुलाबी शिरुई लिली आहे, ती तर त्या राज्याचं राज्यफूल. हिमालयात आहेत. पण सगळ्या उंचावर, गार धुक्यात. शिरुईची लिली खाली आणून लावायचा प्रयत्न लोक करतात आणि ती लागत नाही असं ऐकलंय, तिथे आपल्या तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीचं काय.

---

सड्यावरचा (राजापूर)

फुटबॉलचं कोणीच बोललं नाही म्हणून मी बोलतो. आम्ही तिला मे-फ्लॉवर म्हणतो, आमच्याकडे प्रत्येक पायरीच्या कडेला असते, कोणी लावली कोणाला आठवत नाही.

काकू, मार्चमध्ये कुंडी बदललीत तिथेच घोळ. त्या वेळेला कांद्याच्या आत फुलाचा कोंब तयार होऊन बसलेला असतो. ही पान यायच्या आधी फूल काढते, नागडा दांडा आणि वर लाल चेंडू, मग पानं. तुम्ही ऐन बाळंतपणात घर बदलायला लावलंत. मुळं दुखावली की ती एखादं वर्ष फूल देतच नाही. आता तिला हलवू नका, चार-पाच वर्षं अजिबात नको, तिला दाटीवाटीच आवडते. दिवाळीनंतर पानं पिवळी पडतील, ती झाली की पाणी पूर्ण बंद. पूर्ण म्हणजे पूर्ण, कुंडी उचलून कोपऱ्यात, वरून एखादं पत्र्याचं झाकण. एप्रिलच्या मध्यावर एक तांब्या पाणी द्या, आणि वळवाचा पाऊस पडला तर त्यात ठेवा. थेट दुपारचं ऊन नको, आंब्याखाली असतं तसं.

कोकणात लाख पाऊस पडतो तरी कांदे कुजत नाहीत कारण खाली जांभा आहे, पाणी थांबतच नाही. पुण्याच्या काळ्या मातीत ठेवलंत तर संपलं. लाल माती, जाडी वाळू, जुनं शेणखत समसमान करा, आणि कुंडीचं भोक बुजलंय का ते काडी घालून बघा. निम्म्या वेळा तेवढंच असतं.

आणि एवढी लिलीची हौस आहे तर कळलावी लावा की, आत्ता ऑगस्टात आमच्या कुंपणांवर पेटलेली आहे, पिवळी-लाल, पाकळ्या वर वळलेल्या, अग्निशिखा नाव उगाच नाही. पानाच्या टोकाची वेटोळी करून दुसऱ्याच्या झाडाला धरून वर चढते. तिचा कंद नांगराच्या फाळासारखा वाकडा, म्हणून संस्कृतात लांगली. लावताना टोक मोडू नका, डोळा त्या टोकालाच असतो, मोडला की गेला. पण जहाल विष बरं, माणसालाही. लहान पोरं किंवा ती मनी असेल तर नकोच, गुरंसुद्धा तोंड लावत नाहीत. रताळ्यासारखं दिसतंय म्हणून कोणी खाल्लं तर दवाखानाच. हे वाचून लावायची की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, आमच्याकडे आपोआप येते.

---

भीमाशंकरचा_भुंगा

कळलावी लावली तर त्या पतंगाला आमंत्रणपत्रिकाच पाठवल्यासारखं होईल, नावच तिचं आहे 😀

---

कुंडीतलं_जग (पुणे)

कळलावी कॅन्सल!

आज सुट्टी होती, सगळं उकरलं. मनीला सकाळीच दाखवून आणली, रक्त तपासलं, सगळं नॉर्मल आहे, डॉक्टरांनी मलाच दहा मिनिटं सुनावलं, बरोबरच होतं.

एशियाटिकच्या सहातले तीन कंद तर सापडलेच नाहीत, नुसता तपकिरी चिखल आणि वास. चौथ्याचे अर्धे खवले मऊ होते, दोन कडक. माळावरची माती दादा म्हणाले तसे खरंच लसणासारखे दिसतात, सासूबाईंना दाखवले, त्या म्हणाल्या छे हा काय लसूण. चौथ्याचे चांगले खवले ठमीताईंसारखे कोकोपीटमध्ये खोचलेत, बघू. दोन कडक असलेले डब्यात, त्यावर मार्करने लिलीचे कंद, खाऊ नयेत असं लिहिलंय आणि खाली कवटी काढलीये. सप्टेंबरच्या शेवटी फ्रिजला.

साताऱ्याची लिली काढली तर कांदा माझ्या मुठीपेक्षा मोठा निघाला! आणि बाजूला सात पिल्लं. म्हणजे तीन वर्षं ही हेच करत होती. मान वर ठेवून छोट्या कुंडीत लावली, गच्चीच्या दक्षिण कोपऱ्यात ठेवली. एक गोष्ट विचारायची राहिली, पानांवर विटकरी लाल रेघा आणि ठिपके आहेत थोडे, मला वाटायचं तो तिचा रंगच आहे.

---

माळावरची_माती (नाशिक)

रंग नाही तो, बुरशी आहे, अमॅरिलिसला हमखास येते पावसाळ्यात. जास्त डाग असतील तेवढी पानं बुडातून कापा, कात्री स्पिरिटने पुसून मगच दुसऱ्या कांद्याला लावा, पाणी पानांवरून न घालता मातीत घाला आणि कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरला अडीच ग्रॅम, दहा-बारा दिवसांनी परत एकदा. मघाशी हिरवी पानं कापू नका म्हणालो ते निरोगी पानांबद्दल. सात पिल्लांपैकी दोन कांदे नाशिकला आले तर माझी हरकत नाही.

---

कुंडीतलं_जग (पुणे)

दोन तुमचे, पाकिटात बांधून ठेवते. एक वेट ताईंना, मांजर नसेल तर.

अळ्या काल नऊ, आज चार. मातीत तीन कोष मिळाले, अगदी शेंगदाण्यासारखेच. आणि एका बुडख्यातून हिरवं टोक बाहेर आलंय, नखाएवढं, दाबून बघितलं, कांदा कडक आहे.